नदीकाठचं घर आणि मामाचा कान

मामाच्या पिशवीत लांब दांड्याचा एक पाना असायचा. जोडीला छोटी हातोडी, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि लोकरीच्या पाचरांचं एक पुडकं. या ऐवजामुळे कुठल्याही नव्या इमारतीचा रखवालदार त्याला प्लंबर समजायचा. एकदा तर एका घरातल्या बाईंनी दार उघडल्या उघडल्या त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि गळका नळ दाखवला. मामानं मान तिरकी करून नळ क्षणभर ऐकला. "वॉशर गेलाय," तो म्हणाला, "पण मी तुमच्या पियानोसाठी आलोय." बाई ओशाळल्या. मामानं पियानो लावला आणि जाता जाता नळही बसवून दिला. "दोन्हीकडे गळतीच होती," असं घरी येऊन मामीला सांगितलं.

पियानो सुरात लावणं हे कुणाचं पोटापाण्याचं काम असू शकतं, हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आमच्या शहरात पियानो होते तरी किती? संगीतविद्यालयात काही, शाळांच्या सभागृहात एकेक, दोन मोठी हॉटेलं, आणि काही घरं, जिथं पियानोवर फोटोच्या चौकटी मांडून ठेवलेल्या असत. मामा आला की त्या चौकटी उचलायच्या, झाकण उघडायचं आणि घरातल्या सगळ्यांनी गप्प बसायचं.

त्याच्याबरोबर लहानपणी मी एकदोनदा गेले होते. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांमागे एकीला तीन अशा तारा असतात आणि त्या तिघींनी एकच सूर बोलायचा असतो. मामा दोघींच्या मध्ये पाचर सारून त्यांचं तोंड बंद करायचा आणि एकटीला बोलतं करायचा. ती जागेवर आली की दुसरीला मोकळं सोडायचा. दोघींमध्ये जरासुद्धा फरक असला तर आवाज पाण्यातल्या होडीसारखा हेलकावे खातो. पाना केसभर फिरवला की हेलकावा लांब होत जातो, आणखी लांब, आणि मग नाहीसाच होतो. तो नाहीसा झाला की मामाच्या खांद्यांतला ताण उतरायचा. "लोकांना वाटतं मी सूर काढतो," तो म्हणायचा. "मी फक्त नको ते काढून टाकतो."

सुईचं यंत्र तेव्हाही बाजारात होतं. तार छेडली की सुई सांगते, वर गेली की खाली गेली. मामा त्याला नाक मुरडायचा. "सुईला दिसतं. ऐकू कुठं येतं?"

या कानानं घर चालायचं, आणि घर या कानाभोवती चालायचं. मामाचं काम असलेल्या सकाळी रेडिओ बंद. कुकरच्या शिट्ट्या तो उठायच्या आत उरकलेल्या. खुर्च्यांच्या पायांना रबराच्या टोप्या. पंखा कण्हतो म्हणून बदलला, नवा आला, तो शीळ घालतो म्हणून परत केला. मामी म्हणायची, "आमच्याकडं मांजरसुद्धा येतं ते चपला हातात घेऊन."

मामाची एक सवय होती. काही खुपलं की तो बोट वर करायचा आणि मामीकडे बघायचा. "येतोय ना?" मामी हातातलं काम थांबवायची, छताकडे बघायची आणि म्हणायची, "हो, येतोय." मग तो उठून फ्रिजखाली घडी केलेला कागद सारायचा किंवा खिडकीच्या बिजागरीला तेल घालायचा, आणि दोघांचंही समाधान व्हायचं. त्या घरात मामाला ऐकू आलं म्हणजे सगळ्यांना ऐकू आलं, असा रिवाजच पडून गेला होता. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा आम्हीही छताकडे बघून माना डोलवायचो.

मामी इस्पितळात कामाला होती. दवाखान्याची चादरी-कपडे ठेवायची खोली तळघरात असते. तिथं धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे यांच्या चळती लावायच्या, फाटलेलं शिवायचं, डाग न निघालेलं बाजूला काढायचं आणि वॉर्डावॉर्डात पाठवायचं. पलीकडच्या दालनात धुलाईची मोठाली यंत्रं दिवसभर गरगरत. खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मामीला येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बुटांवरून कळायचं. संध्याकाळी ती घरी यायची ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, जिथल्या गॅलरीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. त्या गॅलरीत तिनं तेलाच्या डब्यांमध्ये झाडं लावली होती. दुपारी थोडा वेळ ऊन भिंतीवरून घसरत खाली यायचं, तेवढ्यात ती डबे ढकलत ढकलत उन्हामागे न्यायची. सुट्टीच्या दिवशी हेच तिचं फिरणं.

नदीकाठच्या घराची बातमी तीच घेऊन आली. तिच्या खात्यात इस्त्रीवर काम करणाऱ्या बाईंची बहीण त्या भागात राहायची. बस जिथं वळून परत फिरते, त्याच्याही पुढे. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना भेटतात आणि खाली चालताना अंगावर सावल्यांची जाळी पडते. बैठी घरं, कमरेइतक्या भिंती, मागे अंगण, अंगणाच्या मागे पायवाट आणि पायवाटेला लागून नदी. नदी काही मोठी नव्हती, संथ, हिरवट, पण वाहती होती. आणि या सगळ्यावरून, नदी ओलांडून, विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. त्यांचे मनोरे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बायकांसारखे एकामागे एक दूरवर दिसत. त्या तारांमुळेच तिथली घरं मामा-मामीच्या आवाक्यात होती.

घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या. पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा मामीनं आधी खोल्या बघितल्याच नाहीत. ती सरळ मागच्या दारानं अंगणात गेली, चपला काढल्या आणि मातीत उभी राहिली. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, मुंग्या आहेत तिथं." मामी म्हणाली, "असू देत." हे मामा पुढं कितीतरी दिवस हसत हसत सांगायचा. "ही बाई घर बघायला आली आणि मुंग्या पसंत करून गेली."

मग सुरू झाल्या चर्चा. आमचे बाबा विमा कंपनीत होते. त्यांना प्रत्येक गोष्टीत आधी धोका दिसायचा, गोष्ट मागाहून. ते म्हणाले, "टांगती तलवार म्हणतात ना, ही खरोखरची टांगलेली आहे. जन्मभर तिच्याखाली झोपायचं?"

"तिच्याखाली नाही, बाजूला आहे घर," मामी म्हणाली.

"वारा सुटला की बाजू बदलते."

आई म्हणाली, "वहिनी, कुठंतरी वाचलं होतं बाई मी, तारांजवळ राहिलं की डोकं दुखतं."

"माझं आत्तासुद्धा दुखतं," मामी म्हणाली. "तिथं दुखलं तर निदान झाडाखाली जाऊन बसेन."

मामीनं लिफ्टमध्ये गाठून इस्पितळातल्या एका डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, लिहून काही देणार नाही, पण इतकं अंतर असेल तर मी राहिलो असतो. मामीला तेवढं पुरेसं होतं. तिनं ते वाक्य घरी आणलं, आम्हाला सांगितलं, बाबांना दोनदा सांगितलं. मामानंही आपला विचार केला. शहरापासून लांब पडेल, पण बस आहे. तारांखालच्या पट्ट्यात मोठं झाड लावता येत नाही, वीज खात्याची माणसं येऊन छाटून जातात, पण नदीकडची बाजू मोकळी आहे. रात्री तिथं शांतता असते, आणि ती त्याला हवीच होती. त्यांच्या गल्लीतल्या हॉर्नना तो इतका विटला होता की अंथरुणात कानात कापूस घालून झोपायचा. सगळं ठरल्यातच जमा होतं. मामीनं इस्पितळात सुट्टीचा अर्ज करून ठेवला, सामान हलवण्यासाठी.

तिसऱ्या खेपेला ती दोघं खिडक्यांची मापं घ्यायला गेली. पडद्यांसाठी. दुपार कोरडी होती, वारा पडलेला. पान हलत नव्हतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. मामी आत टेप धरून उभी होती आणि मामा मागच्या अंगणात गेला होता. बराच वेळ तो आला नाही म्हणून ती बाहेर आली. तो मान तिरकी करून उभा होता. बोट वर.

"ऐक."

"काय?"

"घूं होतंय. एकसारखं. खालच्या सप्तकात, पण कुठल्या पट्टीवर बसत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे आहे." त्यानं तारांकडे बघितलं. "येतोय ना?"

मामी तिथं उभी राहिली. तिनं तारांकडे बघितलं, मग नदीकडे, मग मागच्या दाराकडे. मग म्हणाली, "हो. बारीकसा."

मालकीणबाई दारात आल्या. "कसला आवाज? दमट हवेत चरचरतं कधीमधी. आत्ता काही नाही."

"त्यांना सवय झालीय," मामा मामीला हळूच म्हणाला.

परत येताना बसमध्ये त्यानं सगळा हिशेब मांडला. आवाज मोठा असता तर चाललं असतं, तो म्हणाला, माणूस मोठ्या आवाजाकडे दुर्लक्ष करू शकतो. पण हा बारीक आहे आणि बेसूर आहे. रात्रभर तो कानात मुरणार. सकाळी मी पियानोसमोर बसणार आणि माझ्या डोक्यात आधीच एक चुकीचा सूर बसलेला असणार. त्याच्यावर मी तारा लावणार. हळूहळू शहरातले सगळे पियानो त्या तारांसारखे वाजायला लागतील आणि मला कळणारसुद्धा नाही. "माझं दुसरं काय आहे गं?" तो म्हणाला. "हे दोन कानच."

मामी खिडकीतून बाहेर बघत होती. "खरंय," ती म्हणाली.

घर दुसऱ्या कुणी घेतलं. मामीनं सुट्टीचा अर्ज मागे घेतला. ती रुसली नाही, भांडली नाही, कुणापाशी गाऱ्हाणं केलं नाही. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "आवाज येत होता ना. काय करणार?" बाबांना वाटलं, आपलं ऐकलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या उन्हाळ्यात मामीनं गॅलरीतले डबे शेजारच्या बाईंना देऊन टाकले. उन्हामागे ढकलून कंबर दुखते, म्हणाली.

पुढं पुष्कळ वर्षं गेली. मामीचे गुडघे गेले. तळघरातून वर आणि घरचे तीन मजले वर, एवढं चढणं-उतरणं त्यांनी निभावलं, मग हात टेकले. निवृत्त झाल्यावर ती खाली उतरायची ती दवाखान्यासाठी. बाकी बाहेरचं जग तिला मामाच्या पिशवीतून कळायचं. तो येताना भाजी आणायचा आणि कुठल्या घरात पियानोवर कुणाचा नवा फोटो आला ते सांगायचा.

मामाची तक्रार मात्र वाढत चालली होती. गल्लीत त्याला काही जाणवायचं नाही, गल्लीचा गोंगाट सगळं झाकून टाकायचा. पण शांत जागी गेला की तोच आवाज. विद्यालयाच्या सभागृहात त्यानं एकदा सगळे दिवे बंद करायला लावले, एकेक करून, शेवटी शिक्षकांनी मेणबत्ती आणली. हॉटेलात त्यानं फ्रिजचं बटण बंद केलं आणि आचाऱ्यानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "जिथं तिथं वीज," मामा म्हणायचा. "तारा काय फक्त नदीवरच आहेत? भिंतीभिंतीतून आहेत." ते घर घेतलं नाही याचं त्याला तेव्हा बरंच वाटायचं. इथं हे हाल, तिथं काय झालं असतं.

मी एम. ए. करत होते तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होते. एका सकाळी मामाला नदीकाठच्या त्या भागातून बोलावणं आलं. एका दातांच्या डॉक्टरांनी मुलीसाठी जुना पियानो घेतला होता. काम संपलं तेव्हा दुपार टळत होती. बसला वेळ होता, म्हणून तो पाय मोकळे करायला पायवाटेनं निघाला आणि त्या घराच्या मागे आला. अंगणात कुणीतरी पेरू लावला होता, तो भिंतीवरून बाहेर वाकला होता. वर तारांवर माणसं चढली होती. कमरेच्या पट्ट्यांनी लोंबकळत काहीतरी आवळत होती, एकमेकांना हाका मारून हसत होती. खाली त्यांचा मुकादम एका लाकडी रिळावर बसून चहा पीत होता.

"काम चाललंय वाटतं," मामा म्हणाला.

"नाही, झोके घ्यायला चढवलंय त्यांना," मुकादम म्हणाला.

"लाइन बंद आहे का?"

"काका, चालू असती तर ती अशी मांडी घालून बसली असती का वर?"

"पूर्ण बंद?"

"सकाळपासून. थेंबभर वीज नाही तिच्यात. कापडं वाळत घाला हवी तर."

मामा उभा राहिला. मान आपोआप तिरकी झाली. घूं. दोन पट्ट्यांच्या मधला. तो पायवाटेनं पुढं गेला, मनोरे मागं पडले, झाडं दाट झाली. आवाज कमी झाला नाही. तो थेट पाण्यापर्यंत उतरला. वाढलाही नाही. मग त्यानं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून धरले. नदी गेली, पाखरं गेली, वरच्या माणसांच्या हाका गेल्या. आणि तो आवाज मोठा झाला.

हे त्यानं घरी येऊन आम्हाला सांगितलं. चपला काढल्या नव्हत्या, पिशवी खांद्यालाच होती. मामी पलंगावर बसून धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. इस्पितळातली सवय, कोपऱ्याला कोपरा बरोबर जुळल्याशिवाय ती घडी पुढं न्यायची नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. दाखवून घेऊ एकदा."

"ते जाऊ. एक विचारू?"

"परवानगी कधीपासून लागायला लागली?"

"त्या दिवशी तुला आवाज आला होता?"

"कुठल्या दिवशी?" मामी म्हणाली. पण घडी थांबली होती.

"अंगणात. तू हो म्हणालीस."

"म्हणाले होते."

"आला होता?"

"नाही."

मी उठून आत जाणार होते. मामीनं हातानंच मला बस म्हटलं.

"मग हो का म्हणालीस?"

"या घरात नाही म्हणायची सोय आहे का? पंखा कण्हतो, हो. बिजागरी कुरकुरते, हो. फ्रिज गुणगुणतो, हो. मला यातलं कधी काही ऐकू आलं नाही हो. मशीनांशेजारी आयुष्य गेलं माझं. मला वाटायचं, तुम्हाला येतंय ना, म्हणजे असेल."

"पण त्या दिवशी तरी म्हणायचंस. तुझ्या घराचा प्रश्न होता."

"म्हटलं असतं तर? तुम्ही म्हणाला असता, तुझे कान मशीनांनी गेलेत."

मामा तसंच म्हणाला असता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मामीनं चादर मांडीवर सरळ केली. "आणि खरं सांगू? मला ऐकू आला की नाही, यानं काही फरक पडत नव्हता. तुम्हाला येत होता, तुमच्यासाठी तो होताच. मी हो म्हणाले आणि वाट बघत राहिले."

"कशाची?"

"तुम्ही म्हणाल, आवाज असला तर असू दे. हिला हे घर हवंय." ती चादरीकडेच बघत होती. "बस वळून शहरात येईपर्यंत वाट बघितली. मग सोडून दिलं."

मामानं पिशवी खाली ठेवली. त्यातली हातोडी पान्यावर आपटली आणि खणकन आवाज झाला. त्या घरात एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला असेन. कुणी दचकलं नाही.

डॉक्टरांनी मामाला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. वरचे सूर बरेच गेले होते, आणि जे गेले होते त्यांच्या रिकाम्या जागी कानानं आपलंच काहीतरी वाजवायला घेतलं होतं. असं होतं, ते म्हणाले, हळूहळू होतं, कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. मामानं विचारलं, दहा-बारा वर्षांपूर्वीही असू शकेल का? असू शकेल, डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा पेशंट बोलावला.

त्यानं मोठी कामं सोडली. विद्यालयानं सुईचं यंत्र घेऊन दिलं, ते घेऊन तो लहान शाळांचे पियानो लावायला जायचा. यंत्र पियानोवर ठेवायचा आणि सुईकडे बघत पाना फिरवायचा. एकदा मी बरोबर गेले होते. सुई बरोबर मधोमध आली, तरी तो थांबला होता. त्याला आणखी कशाची तरी खात्री करून घ्यायची होती, आणि ते आता त्याच्याजवळ नव्हतं.

मामीच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याची जागा बघू, असं त्यानं मनावर घेतलं. एक मिळालीही, छापखान्याच्या मागे, फरशी घातलेलं चौकोनी अंगण असलेली. मामी म्हणाली, "आता नको. गुडघ्यांना या पायऱ्या पाठ आहेत, नवीन कुठं शिकवत बसू?" नदीकडे एकदा टॅक्सीनं जाऊन येऊ, असंही तो म्हणाला. "कशाला? लोकांची झाडं बघायला?" ती रागानं म्हणाली नाही. आणि म्हणून त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

हल्ली तो मामीला बोट वर करून काही विचारत नाही. पंखा कण्हतो तसा कण्हू देतात. कुकर दुपारी लावला तरी चालतो. मामी म्हणते, घर आता चारचौघांच्या घरासारखं झालं. मला ते ऐकून हसू येतं आणि लगेच हसू नये असंही वाटतं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी तिघं गॅलरीत बसलो होतो. समोरच्या भिंतीला नुकताच पिवळा रंग दिला होता, त्यामुळे उजेड जरा जास्त वाटत होता. मामा मग एकदम म्हणाला, "तिथं काय लावणार होतीस गं तू?"

मामीनं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलेल. पण ती थोडी सावरून बसली.

"दाराशी मोगरा," ती म्हणाली. "वेल नाही, झुडूप. येताजाता वास यावा म्हणून. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मिरच्या, कोथिंबीर, अळू, सांडपाणी तिकडंच जात होतं, आयतं मिळालं असतं. उजव्या कोपऱ्यात लिंबू. नदीकडच्या भिंतीला पेरू."

"पेरू आहे तिथं. लावलाय त्यांनी."

"लावणारच. तीच जागा आहे त्याची." ती हातानं हवेत दाखवत होती, इथं, इथून इथवर, जणू समोर भिंत नव्हतीच. कुठं सकाळचं ऊन येतं, कुठं उशिरा, कुठली माती भुसभुशीत आणि कुठं दगड लागतील, हे सगळं ती सांगत होती. तीन वेळा बघितलेलं अंगण. तिला ते गॅलरीपेक्षा जास्त पाठ होतं.

"आणि तारांच्या बाजूला?" मामानं विचारलं.

"तिकडं काही नाही. तिकडं वाढलं की ते छाटून टाकतात." ती थांबली. "तिकडं मोकळंच ठेवणार होते. एक खुर्ची टाकून. बाकी कशाचा आवाज नव्हता ना तिथं. म्हटलं, कामावरून आलात की बसाल."

मामानं मान हलवली. भिंतीवरचा उजेड गेला, मामी गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि दिवा लावायला आत गेली.